औषध फवारले, तरी कोळी मरत का नाही?



उन्हाळा तोंडावर आला की आमच्या शेती खात्यात पिशवीतून वांग्याची-भेंडीची पाने येऊ लागतात. वरून पांढुरके ठिपके, खालून बारीक जाळी. पाठोपाठ ठरलेली तक्रार, "साहेब, तीन फवारण्या झाल्या, डोस दुप्पट केला, तरी काही फरक नाही. औषधच बनावट दिसतंय." बनावट माल बाजारात असतो, नाही असे नाही. पण पुष्कळदा औषध अस्सल असते आणि कोळीच त्याला दाद देत नाही. उसाची उचल येईपर्यंत घरखर्च भाजीपाल्यावर चालवणाऱ्या सभासदाला अशी वाया गेलेली फवारणी परवडत नाही. म्हणून हा विषय जरा मुळापासून समजून घेऊ.

लाल कोळी हा मावा-तुडतुड्यांसारखा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात. तो पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषतो. मादी आयुष्यात शंभरच्या आसपास अंडी घालते आणि कडक उन्हाळ्यात अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आपण वर्षाला उसाचे एक पीक घेतो, तेवढ्यात त्याच्या वीसावर पिढ्या होऊन जातात!

"कोळी औषधाला सरावला," असे आपण म्हणतो. ते तितकेसे खरे नाही. एकच कोळी विष पिऊन पिऊन सरावत नाही. समजा, प्लॉटमध्ये एक लाख कोळी आहेत आणि त्यांत दहांना ते विष पचवण्याची ताकद जन्मतःच आहे. फवारणी झाली, बाकीचे मेले, दहा उरले. आपल्याला वाटते, काम फत्ते! पण दहांपैकी सात माद्या धरल्या आणि प्रत्येकीची पन्नास पिल्ले जगली, तर साडेतीनशे झाले. त्यांतल्या अडीचशेवर माद्यांची पुढची पिढी बारा-तेरा हजारांच्या घरात जाते. तीन-चार आठवड्यांत प्लॉट पुन्हा भरतो आणि या वेळी बहुतेक सगळे त्या दहांचेच वंशज. मग तेच औषध मारले तर मरणार कोण? चांगले बेणे निवडून आपण ऊस सुधारतो. इथे आपल्याच हाताने दणकट कोळी निवडला जातो.

आणखी एक गोष्ट. कोळ्याची मादी नराशिवायही अंडी घालते आणि त्यांतून नर निपजतात. अशा नरात आनुवंशिक गुणांचा एकच संच असतो, त्यामुळे प्रतिकाराचा गुण झाकून राहत नाही, लगेच कामाला लागतो. शिवाय हा कोळी शेकडो वनस्पतींवर जगतो. त्या वनस्पतींतली विषे पचवण्याची यंत्रणा त्याच्या अंगात आधीपासूनच आहे. 2011 साली शास्त्रज्ञांनी त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला, त्यातही हेच दिसून आले.

हे दुखणे आजचे नाही. 1950 च्या सुमारास अमेरिकेत काचगृहातल्या गुलाबांवर पॅराथिऑनला न जुमानणारे कोळी आढळले. तेव्हापासून जगभरात नव्वदहून अधिक औषधांना या कोळ्याने कुठे ना कुठे दाद दिलेली नाही.

मग करायचे काय?

पहिले, दोष नक्की कशाचा ते पाहा. फवारा पानाच्या खालून बसला का? अंडी न मारणारे औषध असेल, तर आठवड्यात नवी पिल्ले दिसणारच. तो प्रतिकार नव्हे.

दुसरे, डोस वाढवू नका. त्याने खर्च वाढतो, मालात विषाचा अंश राहतो आणि उरतात ते आणखी दणकट कोळी.

तिसरे, नाव बदलले म्हणजे औषध बदलले असे समजू नका. फेनाझाक्विन आणि फेनपायरॉक्झिमेट ही नावे दोन, पण दोघांचा घाव एकाच ठिकाणी बसतो. प्रोपरगाइट किंवा स्पायरोमेसिफेन यांची तऱ्हा निराळी. दुकानात "गट कोणता?" असे विचारा. एका गटाचे औषध हंगामात शक्यतो एकदाच वापरा, तेही त्या पिकासाठी लेबलवर शिफारस असेल तरच. एके काळी सर्रास वापरात असलेल्या डायकोफॉलवर आपल्या देशात 2023 मध्ये बंदी आली आहे. जुनी बाटली घरात असेल तर ती वापरू नका.

चौथे, मित्रांना मारू नका. कोळ्यावर जगणारे बारीक काळे भुंगेरे आणि शिकारी कोळी आपले फुकटचे गडी आहेत. अळीसाठी सायपरमेथ्रिनसारखी औषधे वारंवार मारली की आधी हे गडी मरतात आणि मग कोळ्याला रान मोकळे मिळते.

पाचवे, पिकाला पाण्याचा ताण देऊ नका. रस्त्याकडेच्या झाडांवर धूळ बसते, तिथे कोळी आधी वाढतो. ती पाने आठवड्यातून एकदा पांढऱ्या कागदावर झटकून पाहा. ठिपके चालू लागले तर ओळखा. संपलेल्या प्लॉटची झाडे बांधावर पडू देऊ नका.

दणकट कोळी बांध ओळखत नाही. वाऱ्याबरोबर तो शेजाऱ्याच्या शिवारात जातो. म्हणून औषधाचा गट बदलायचा तो शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून ठरवून बदलावा. पाणी वाटून घेण्याची सवय आपल्याला आहेच, तशीच ही एक लावून घेऊ या.

— शेती खाते