पान की ॲप? : आयफोनचे पहिले वर्ष आणि आपला मजकूर

मराठी संस्थांच्या बैठकांत अलीकडे एक सूचना हमखास येते : आपल्या कोशाचे, जुन्या अंकांचे, काव्यसंग्रहांचे ‘ॲप करावे’. सूचना करणारा बहुधा तरुण असतो, माना डोलावणारे बहुधा माझ्या वयाचे. तेच काम साध्या संकेतस्थळावर होईल का, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. मी साहित्याचा अध्यापक आहे, संगणकशास्त्राचा नव्हे. तरीही हा प्रश्न मला आपला वाटतो, कारण त्यात अखेर मजकूर कुठे ठेवायचा आणि तो किती वर्षे वाचता येईल, हे ठरते. हा वाद एकदा उघडपणे झालेला आहे. २००७ साली, एका नव्या फोनच्या निमित्ताने.

आधी दोन शब्दांची ओळख. वेब-ॲप म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारे पान, पण नुसते वाचायचे नव्हे तर काम करणारे : शोध घेणारे, हिशेब करणारे, लिहून घेणारे. ते दूरच्या संगणकावर असते आणि पत्ता टाकला की कोणत्याही फोनवर उघडते. दुसरा प्रकार ‘नेटिव्ह’ ॲपचा. ते एका विशिष्ट फोन-प्रणालीच्या भाषेत लिहिलेले असते आणि फोनमध्ये उतरवून घ्यावे लागते. आयफोनसाठी लिहिलेले अँड्रॉइडवर चालत नाही. (इंग्रजी राजवटीत ‘नेटिव्ह’ हा शब्द आपल्या लोकांना लावला जाई. आता तो घरच्या, हक्काच्या सॉफ्टवेअरला लागतो. शब्दांचे नशीबही फिरते.)

९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे आयफोन दाखवला. २९ जूनला तो अमेरिकेत विक्रीस आला. मधल्या काळात, ११ जून रोजी, ॲपलच्या वार्षिक मेळाव्यात सॉफ्टवेअर लिहिणारे लोक एकाच उत्तराची वाट पाहत होते : या फोनसाठी आम्ही काही लिहू शकतो का? उत्तर असे मिळाले की, फोनमध्ये सफारी हा पूर्ण ब्राउझर आहे. तुम्ही वेब-ॲप लिहा, ती फोनवर चालतील. वेगळे साहित्य, वेगळी परवानगी काही लागणार नाही.

ऐकणारे नाराज झाले आणि त्यांच्या नाराजीला आधार होता. ॲपलने स्वतः त्या फोनवर नकाशे, टपाल, यूट्यूब हे सारे नेटिव्ह पद्धतीने बसवले होते. म्हणजे घरच्यांना पंगत आणि पाहुण्यांना अंगणात पत्रावळ. तो फोन ‘एज’ या संथ जाळ्यावर चालायचा. थ्रीजी त्यात नव्हते. प्रत्येक पान जाळ्यावरून यायचे, जाळे तुटले की पानही गेले. पानाला कॅमेऱ्यापर्यंत पोचता येत नव्हते. फोन कुठे आहे हे पानाला कळण्याची सोय २००९ साली आली आणि पानावरून छायाचित्र चढवता येण्यासाठी तर २०१२ उजाडावे लागले. पानाचे चिन्ह फोनच्या मुख्य पडद्यावर ठेवणे, एवढी साधी गोष्टही जानेवारी २००८ मध्ये शक्य झाली.

मग जे व्हायचे ते झाले. विक्री सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच हौशी मंडळींनी फोनची कुलपे उघडून आपापली नेटिव्ह ॲप त्यात बसवायला सुरुवात केली. सप्टेंबरअखेर ॲपलच्या नव्या आवृत्तीने ती पुसून टाकली, तरी मंडळी थांबली नाहीत. कंपनीच्या आतही मतभेद होते. वॉल्टर आयझॅकसन यांच्या चरित्रग्रंथात नोंद आहे की संचालक आर्ट लेव्हिन्सन आणि अधिकारी फिल शिलर यांनी जॉब्ज यांच्यामागे बाहेरच्यांना वाव देण्याचा आग्रह धरला होता. १७ ऑक्टोबर २००७ रोजी जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून सांगितले की बाहेरच्यांसाठी लेखनसाहित्य फेब्रुवारीत देऊ. ते ६ मार्च २००८ रोजी जाहीर झाले आणि १० जुलैला सुमारे ५०० ॲप घेऊन ॲप स्टोअर उघडले. त्याच ऑगस्टमध्ये आयफोन थ्रीजी भारतात आला. आपल्याकडच्या ग्राहकाने वेब-ॲपवाला काळ पाहिलाच नाही. आपल्यासाठी आयफोन म्हणजे पहिल्या दिवसापासून ॲपचा फोन होता. पानाचा विचार आपल्याला का सुचत नाही, याचे एक कारण मला हेच दिसते.

पण दुकान आले की दुकानदारही येतो. सुरुवातीला किमतीतले ३० टक्के ॲपलचे. लिहिणाऱ्याने वर्षाला ९९ डॉलर भरायचे, ॲप तपासायला द्यायचे, मंजुरीची वाट पाहायची. गूगलच्या दुकानात एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’ने २०११ साली आपले वेब-ॲप काढले आणि ॲपलच्या दुकानातून आपले नेटिव्ह ॲप बाहेर पडू दिले. वर्गणीतला वाटा आणि वर्गणीदारांची माहिती, दोन्ही त्यांना स्वतःकडे हवे होते. फेसबुकने नेमके उलट केले. त्याचे ॲप आतून बरेचसे वेबवर उभे होते आणि ते संथ चाले. २०१२ मध्ये ते नेटिव्ह पद्धतीने नव्याने लिहिले गेले आणि वेबवर फार भिस्त ठेवली ही चूक होती, असे मार्क झुकरबर्ग यांनी जाहीरपणे मान्य केले. दोन्ही संस्था आपापल्या जागी बरोबर होत्या. वृत्तपत्राला वाचक हवा होता, फेसबुकला वेग. कोश काढणारी संस्था यांपैकी कोणासारखी आहे, हे ज्याने त्याने पाहावे. मला ती वृत्तपत्रासारखी वाटते.

इथवरची हकिकत कोणत्याही भाषेची असू शकली असती. देवनागरी आली की तिला वेगळे वळण लागते.

‘स्थिती’ हा शब्द घ्या. संगणकाच्या साठवणीत त्याचा क्रम स, हलन्त, थ, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी असा असतो. पडद्यावर मात्र ऱ्हस्व वेलांटी ‘स्थ’ या जोडाक्षराच्याही अलीकडे जाऊन बसावी लागते. ही मांडणी करणारे यंत्र फॉन्टहून निराळे असते. वेबपान आपला फॉन्ट बरोबर पाठवू शकते, पण मांडणी करायची ब्राउझरने आणि त्याखालच्या प्रणालीने. २०११ च्या शेवटी अँड्रॉइडची चौथी आवृत्ती येईपर्यंत बहुतेक अँड्रॉइड फोनांत ती नीट होत नसे. मराठी पान उघडले की चौकोन दिसत, नाहीतर वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटलेल्या आणि जोडाक्षरे सुटी झालेली. नेटिव्ह ॲपला मात्र मांडणीचे यंत्र आपल्या पोटातच घेऊन येता येत होते. त्यामुळे त्या काळात मराठीसाठी नेटिव्ह ॲपचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे रास्तच होते.

याच काळातली एक युक्ती मला अजून आवडते. ‘ऑपेरा मिनी’ हा ब्राउझर साध्या फोनवरही चाले. त्याच्या आतल्या एका पानावर गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरण्याची सोय होती. ती चालू केली की दूरचा संगणक मराठी मजकुराचे चित्र काढून फोनला पाठवी. फोनला देवनागरीचा गंध नसताना त्यावर मराठी वाचता येई. ते अक्षर नसे, अक्षराचा फोटो असे. नकलून घेता येत नसे, शोधता येत नसे. पण वाचता येई.

आणि कळफलक? कळफलक पान होऊ शकत नाही. पानावर अक्षरे टंकायची पेटी करता येते, पण ती त्या पानापुरतीच. निरोप लिहिताना, टपाल लिहिताना ती सोबत येत नाही. फोनभर चालणारा कळफलक नेटिव्हच असावा लागतो आणि प्रणालीने त्याला दार उघडून द्यावे लागते. अँड्रॉइडने बाहेरच्यांच्या कळफलकांना हे दार २००९ मध्ये उघडले. आयफोनने सप्टेंबर २०१४ मध्ये. म्हणजे ॲप स्टोअर उघडल्यानंतरही सहा वर्षे आयफोनवर कोणाही मराठी माणसाला स्वतःचा कळफलक करून देता येत नव्हता, मग त्याला कितीही उत्तम नेटिव्ह लेखन येत असो. नेटिव्ह म्हणजे मोकळीक, ही समजूत इथे थोडी सैल होते.

आता खुद्द ‘ॲप’ या शब्दाची गंमत. त्याचे पहिले अक्षर ‘ॲ’ हे युनिकोडमध्ये एप्रिल २००८ च्या ५.१ या आवृत्तीत आले. ॲप स्टोअर उघडले जुलैत. दुकान आणि त्याचे मराठी नाव धड लिहायला लागणारे अक्षर, दोन्ही एकाच वर्षाची. त्याआधी लोकांनी आपापली वाट काढली होती : कोणी ‘अ’वर चंद्र चढवून ‘अॅप’ लिहिले, कोणी ‘ए’वरच्या चंद्राचे ‘ऍप’. आजही तिन्ही चालू आहेत. त्यांतली पहिली दोन डोळ्यांना जवळजवळ सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी तिन्ही वेगळी आहेत. साध्या शोधात एक टंकले तर दुसरे सापडत नाही. ‘करणाऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो, त्याचीही हीच कथा. कोश पानावर असो की ॲपमध्ये, ही रूपे आतून एक करून घेतल्याखेरीज तो विद्यार्थ्याला ‘शब्द सापडला नाही’ असेच सांगणार. सूचना करणारे तरुण आणि माना डोलावणारे आम्ही, दोघांनीही आधी याची चर्चा केली तर बरे.

टिकण्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सप्टेंबर २०१७ मध्ये आयफोन-प्रणालीची अकरावी आवृत्ती आली आणि ३२ बिटांसाठी लिहिलेली सगळी जुनी ॲप त्यावर चालेनाशी झाली. ज्यांच्या मागे पैसा आणि माणूस होता, त्यांनी ती नव्याने बांधली. बाकीची गेली. ॲपलची वार्षिक फी भरली नाही तरी ॲप दुकानातून उतरते. अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत एखाद्या वर्षी रक्कम उशिरा येणे ही काय नवलाची गोष्ट आहे? याउलट १९९०च्या दशकातले साधे वेबपान आजच्या ब्राउझरमध्ये उघडते. उघडते खरे, पण ते मराठी असेल तर वाचता येईलच असे नाही. युनिकोडपूर्व काळात प्रत्येक फॉन्टाची सांकेतिक व्यवस्था स्वतःची असे. आमच्या इंदूरकडे कृतिदेवात टंकलेला मजकूर त्या फॉन्टाविना उघडला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा समोर येतो. पान टिकले, अक्षर गेले. तेव्हा पान निवडल्याने काम संपत नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा आणि त्याची साधी प्रतही बाजूला ठेवलेली हवी.

पानाची बाजू आज २००७ इतकी लंगडी नाही. २०१५ पासून ‘प्रोग्रेसिव्ह वेब-ॲप’ हे नाव रूढ झाले : जाळे नसताना चालणारे, मुख्य पडद्यावर चिन्ह ठेवता येणारे पान. आयफोनवर त्याला लागणारी मुख्य सोय मार्च २०१८ मध्ये आली, सूचना पाठवण्याची २०२३ मध्ये. पण एक सावधगिरी हवी. सफारीत नुसते उघडलेले पान आठवडाभर वापरले नाही, तर त्याने फोनवर साठवलेला मजकूर पुसला जाऊ शकतो. चिन्ह मुख्य पडद्यावर ठेवले असेल तर हा नियम तसा लागत नाही. फोनवाल्याची मर्जी इथेही आहेच. युरोपीय संघातल्या आयफोनांवरून मुख्य पडद्यावरची वेब-ॲप काढून टाकण्याचे ॲपलने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवले होते. ओरड झाल्यावर १ मार्चला निर्णय मागे घेतला.

आमच्या विभागातले विद्यार्थी इंदूरच्या घरांत बोलल्या जाणाऱ्या मराठीचे शब्द जमवत आहेत. घरोघरीच्या आजी-आजोबांकडून मिळालेले हे शब्द त्यांच्यानंतर मिळणार नाहीत, म्हणून ते कुठे ठेवायचे याचा मी इतका विचार केला. पान करायचे ठरले आहे. कळफलकाचे काम आम्ही करणार नाही, ते करणारे इतर आहेत आणि चांगले करतात. शोधात ‘ॲ’ची तिन्ही रूपे एक धरली आहेत. आणि प्रत्येक पानाच्या आरंभी ‘हा मजकूर मराठी आहे’ अशी दोन अक्षरांची खूण घातली आहे. ती वाचकाला दिसत नाही, ब्राउझरला दिसते. युनिकोडमध्ये हिंदी आणि मराठीचे ‘ल’ व ‘श’ एकच आहेत. ज्या फॉन्टात दोन्ही वळणे असतात, तो ही खूण पाहून मराठी वळण निवडतो. आमच्याकडे बहुतेकांच्या फोनची भाषा हिंदी असते. नेटिव्ह ॲप ते फोनच्या भाषेवरून ठरवते आणि लिहिणाऱ्याने वेगळे सांगितले नाही तर हिंदी वळण देते. पानावर मात्र, हिंदी फोनवरसुद्धा, आजीच्या शब्दातला ‘ल’ मराठी वळणाचा दिसतो.