दवाखान्याचे देणे आणि कायद्याचे कुंपण



घरात मोठे दुखणे आले की आपला माणूस आधी दवाखान्यात धावतो आणि लगेच सातबारा शोधू लागतो. बियाण्याचे, खताचे कर्ज निदान पिकावर फिटेल अशी आशा असते. ऑपरेशनच्या कर्जातून कुठलेच पीक उगवत नाही. विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव हिंडताना अशा कर्जाच्या हकिकती मी पुष्कळ ऐकल्या. त्यांतून एक ध्यानात आले : कायद्याने जे शेतकऱ्यासाठी राखून ठेवले आहे, ते आपण घाईच्या एका सहीने आपल्या हाताने देऊन टाकतो.

राखून काय ठेवले आहे? बिल थकले म्हणून दवाखान्याच्या माणसांना तुमच्या गोठ्यात शिरता येत नाही. त्यांना दिवाणी कोर्टात दावा लावून हुकूमनामा मिळवावा लागतो, मगच जप्ती. त्या जप्तीलाही १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने कुंपण घातले आहे. शेतकऱ्याची अवजारे, पोटापुरती शेती चालवायला कोर्टाला जरूर वाटतील तेवढी जनावरे व बियाणे, तो राहतो ते घर, गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांची जप्ती होत नाही. धर्माच्या रीतीने बाईने अंगावरून उतरवायचा नाही असा दागिना, म्हणजे आपल्याकडचे मंगळसूत्र, त्यालाही हात लावता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक होत नाही. निव्वळ गरिबीमुळे फेड झाली नाही म्हणून पुरुषालाही तुरुंगात टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ठरवले.

मात्र शेतजमीन या यादीत नाही. आणि घर तुम्ही स्वतः गहाण लिहून दिले असेल, तर त्या गहाणापुरते हे कुंपण उरत नाही.

आता सहीची गोष्ट. दवाखाना अनामत मागतो, सोसायटीचे कर्ज एका दिवसात मिळत नाही, आणि गावातला कोणी रात्रीतून लाख रुपये काढून देतो. दर शेकडा पाच रुपये महिना. म्हणजे वर्षाला साठ हजार नुसते व्याज! परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्के आणि तारणी कर्जावर ९ टक्केच घेता येतात, आणि एकूण व्याज मुदलाहून जास्त वसूल करता येत नाही. आपले आजोबा यालाच दामदुपट म्हणत. परवाना नसलेला माणूस मात्र दाखवायला कर्जरोखा करतच नाही. तो म्हणतो, "नुसते खरेदीखत करून ठेवू, पैसे दिले की जमीन तुमची." दुय्यम निबंधकासमोर जमीन विकत दिल्याचे तुम्हीच कबूल करता. तोंडी वचनाचा पुरावा कुठून आणणार?

तशी सही आधीच झाली असली तरी वाट बंद नाही. महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४ च्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. जमीन बेकायदा सावकारीत गेली असे चौकशीत ठरले तर ते खत रद्द होऊन जमीन परत मिळते. व्यवहार अर्जाच्या मागल्या पंधरा वर्षांतला असावा लागतो. दिलेल्या पैशाची चिठ्ठी, बँकेची नोंद, दवाखान्याच्या पावत्या, कसणूक कोणाची होती याच्या पीकपाहणीतल्या नोंदी, सगळे जपून ठेवा. तारखा जुळल्या की पुष्कळ काही सिद्ध होते.

नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा कायदाही आहे, पण तो जपून वापरायचा. जिल्ह्याच्या ठिकाणी १९२० चा कायदा चालतो. कोर्टाने नादार ठरवले की सावकारांना कोर्टाच्या परवानगीशिवाय दावे लावता येत नाहीत, आणि पुढे मुक्तता मिळाली की बहुतेक देणी सुटतात. पण जप्तीतून वगळलेले सोडून बाकी मिळकत, जमिनीसह, देणेकऱ्यांची देणी भागवायला जाते. म्हणून जमीन वाचवायची असेल तर हा मार्ग शेवटचा. (१८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यानंतर १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला, त्यातही नादारीची सोय होती. दुखणे जुनेच आहे.)

खरे तर कर्ज काढण्याआधी दोन दारे ठोठवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, यादीतल्या उपचारांसाठी, कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका आणि आधार घेऊन भरती होतानाच त्याला भेटा, बिल झाल्यावर नव्हे. दुसरे, मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो दुखण्याच्या आधीच काढून ट्रंकेत ठेवा, मुदत संपली की नवा घ्या.

वकिलाच्या फीची धास्ती असेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कमी उत्पन्नाची माणसे यांना तिथे वकील फुकट मिळतो.