पाच हजार एसटी आणि एकेरी रूळ

गणपतीला कोकणात जाणाऱ्यांसाठी एसटी महामंडळानं २०२५ साली ५,००० जादा गाड्या जाहीर केल्या. गाडीमागे ४४ माणसं धरली तर एका खेपेत २,२०,००० चाकरमानी गावी पोचतात. ११ मीटरच्या या गाड्या एकीमागे एक उभ्या केल्या तर रांग ५५ किलोमीटरची. मुंबई-गोवा महामार्गाचा पळस्पे-इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा निम्म्याहून जास्त भरेल.

हीच माणसं रेल्वेनं न्यायची तर? २२ डब्यांत साधारण १,५०० माणसं मावतात. एक रेल्वेगाडी ३४ एसटींचं काम करते. तरीही १४७ गाड्या लागतील. एका दिवसात सोडायच्या तर दर दहा मिनिटांनी एक, रात्रंदिवस! आणि कोकण रेल्वेचा ७४१ किलोमीटरचा मार्ग, रोहा-वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा तुकडा सोडला तर, एकेरी. समोरून गाडी आली की एकीला स्टेशनात थांबावंच लागतं. त्यात पावसाळी वेळापत्रकामुळे वेगही कमी. म्हणून २०२५ च्या ३८० विशेष फेऱ्या, जाण्या-येण्याच्या मिळून, काही आठवड्यांवर पसरल्या होत्या.

घरात मात्र निर्णय लहान आकड्यांवर होतो. पहिला आकडा ६०. इतके दिवस आधी सकाळी आठला रेल्वेचं आरक्षण उघडतं. २५ ऑगस्टला निघायचं तर २६ जूनलाच जागं राहायला हवं. दुसरा हिशेब तिकिटाचा. एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेली आजी फुकट, आई आणि दहा वर्षांचा मुलगा अर्ध्या तिकिटात, बाबांचं पूर्ण. चार माणसं, दोन तिकिटं. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. स्लीपर माणशी स्वस्त असलं, तरी असं कुटुंब असेल तर फरक बराच मिटतो. तिसरं, स्टेशन ते घर. चिपळूणला उतरल्यावर गुहागर अजून चाळीसेक किलोमीटर राहतं. गट आरक्षणाची एसटी मात्र थेट गावात जाते.

तेव्हा कणकवली-कुडाळसारखं स्टेशन जवळ असेल आणि तिकीट कन्फर्म असेल, तर रेल्वेच धरा. दापोली, गुहागर, मालवणकडच्यांनी वाडीतली माणसं वेळेत जमवून एसटी ठरवावी. वेटिंगच्या भरवशावर मात्र कुणीच राहू नये.