सहा धावा, दीड मिनिट

पाच दिवस खेळून सामना 'अनिर्णित' कसा राहतो, हे क्रिकेट न पाहणाऱ्याला समजावणं म्हणजे डोकेफोड. त्याला 8 फेब्रुवारी 1949 ची, मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवरची संध्याकाळ सांगावी. वेस्ट इंडिजविरुद्ध भारताला जिंकायला 361 धावा हव्या होत्या, झाल्या 355. आठ गडी बाद. खेळ थांबला तेव्हा वेळ संपायला दीडेक मिनिट बाकी होतं, आणि चालू षटकातला एक चेंडू टाकायचाच राहून गेला होता.

भारताची ही विसावी कसोटी. 1932 पासूनच्या आधीच्या एकोणीस कसोट्यांत विजय एकही नव्हता. या मालिकेतही पहिल्या तीन कसोट्या अनिर्णित राहिल्या आणि मद्रासला डावाने मार खाल्ला. एव्हर्टन वीक्सने ओळीने पाच कसोटी शतकं ठोकली होती. सहावं मद्रासला 90 वर धावचीत झाल्यामुळे हुकलं. अशा संघाविरुद्ध शेवटच्या डावात 361 काढायच्या म्हणजे चेष्टा नव्हे. तोवर कसोटीत यापेक्षा मोठा पाठलाग एकदाच यशस्वी झाला होता, सहा-सात महिन्यांपूर्वी लीड्सला, आणि तो ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाचा होता.

सुरुवात पडझडीनेच झाली. 9 धावांत दोन गडी गेले. कर्णधार लाला अमरनाथ 39 करून परतले तेव्हा धावफलक 3 बाद 81. मग रुसी मोदी आणि विजय हजारे यांनी 139 धावांची भागी रचली. हजारे मूळचे सांगलीचे. वर्षभरापूर्वीच ॲडलेडला त्यांनी ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतकं काढली होती. इथे मोदी 86 वर बाद झाले, हजाऱ्यांनी 122 केल्या. 285 वर सहावा गडी पडला, पुढे 321 वर आठवा. आणि आठवा म्हणजे व्यवहारात नववाच, कारण यष्टिरक्षक प्रबीर सेन सामन्यात आधीच जखमी झाले होते आणि त्यांच्या जागी खुद्द अमरनाथ यष्टिरक्षण करून गेले होते.

खेळपट्टीवर उरले दत्तू फडकर आणि गुलाम अहमद. फडकर कोल्हापूरचे. गुलाम अहमद हैदराबादचे ऑफस्पिनर, याच मालिकेत कलकत्त्याला पदार्पण केलेले. मराठवाड्यातल्या वाचकाने इथे क्षणभर थांबावं. हैदराबादवरची पोलीस कारवाई होऊन पाच महिनेही झाले नव्हते आणि औरंगाबाद जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता. म्हणजे भारताचा पहिला विजय खेचून आणायला उभे असलेल्या दोघांत एक कोल्हापूरचा गडी, तर दुसरा त्या वेळच्या नकाशाप्रमाणे मराठवाड्याच्याच राज्यातला.

दोघांनी 34 धावा जोडल्या. फडकर 37 वर नाबाद, गुलाम अहमद 9 वर नाबाद. तेवढ्यात पंच बापू जोशी यांनी बेल्स उचलल्या. चेंडू मोजण्यात आणि घड्याळ पाहण्यात, दोन्हीकडे गफलत झाली. गंमत म्हणा की दुर्दैव, पंच घरचेच होते. तेव्हा यजमान देशच पंच देई आणि पाहुण्यांना पक्षपाताची शंका असे. इथे घरच्या पंचाने घरच्याच संघाचा घास काढून घेतला.

पण सगळं खापर जोशींवर फोडणं मला पटत नाही. त्यांनी फार तर एक चेंडू आणि दीड मिनिट घालवलं. जॉन गॉडार्डच्या संघाने त्याआधी किती घालवलं? गोलंदाज लेग स्टंपच्या बाहेर चेंडू टाकत राहिले, दोन चेंडूंमध्ये रेंगाळत राहिले. मालिकेत 1-0 अशी आघाडी होती, सामना लांबवला की मालिका खिशात. नियमात हे बसत होतं, कारण खेळ घड्याळावर संपायचा, षटकांच्या संख्येवर नाही. गोलंदाजाने पाऊल जितकं सावकाश उचलावं तितके चेंडू कमी. ही पळवाट पुढे बुजवली गेली. आता कसोटीत दिवसाला किमान 90 षटकांचा हिशेब असतो, शेवटच्या तासात किमान 15 टाकावीच लागतात, आणि गती मंदावली तर मानधनाबरोबर जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतले गुणही कापले जातात. हा नियम 1949 ला असता तर फडकरांना सहा धावांसाठी एक चेंडू नव्हे, निदान दोन-चार षटकं मिळाली असती असं मानायला हरकत नाही.

अनिर्णित आणि बरोबरी यांतली गल्लतही इथेच निस्तरावी. बरोबरी, म्हणजे टाय, व्हायला दोन्ही संघांच्या एकूण धावा सारख्या हव्यात आणि शेवटी खेळणाऱ्या संघाचा डाव संपलेला हवा. कसोटीच्या इतिहासात हे दोनदाच घडलं, ब्रिस्बेनला 1960 मध्ये आणि मद्रासला 1986 मध्ये. डाव संपलाच नाही, तर धावा सारख्या असूनही सामना अनिर्णित. याचं उदाहरण ब्रेबर्नपासून चालत जाण्याच्या अंतरावर, वानखेडेवर, नोव्हेंबर 2011 मध्ये पाहायला मिळालं. समोर पुन्हा वेस्ट इंडिजच. पहिल्या डावात त्यांच्या 590, भारताच्या 482. दुसऱ्या डावात ते 134 वर गडगडले आणि भारतापुढे 243 चं लक्ष्य आलं. शेवटच्या चेंडूवर दोन हव्या होत्या. अश्विनने एक पुरी केली, दुसरीसाठी धावला आणि धावचीत झाला. 9 बाद 242. एक गडी शिल्लक, म्हणून बरोबरी नाही. त्या सामन्यात अश्विनचं शतक आणि नऊ बळी होते, पण लोकांना त्याची ती दुसरी धावच आठवते. तेंडुलकरचं शंभरावं शतक 94 वर हुकलं, त्याची हळहळ वेगळी.

ब्रेबर्नवर हुकलेला विजय भारताला तीन वर्षांनी, फेब्रुवारी 1952 मध्ये, मद्रासला इंग्लंडविरुद्ध मिळाला. कर्णधार हजारे होते. संघात फडकर, गुलाम अहमद, अमरनाथ, मुश्ताक अली, विनू मंकड होते, आणि सेनही. 1949 च्या सामन्यातली इतकी माणसं तिथे पोचली. त्या सामन्यातले गोलंदाज शूट बॅनर्जी मात्र नव्हते. 1936 आणि 1946 असे इंग्लंडचे दोन दौरे त्यांनी एकही कसोटी न खेळता काढले होते. दुसऱ्या दौऱ्यात ओव्हलवर सरेविरुद्ध चंदू सरवटेंच्या साथीने अखेरच्या गड्यासाठी 249 धावा जोडल्या, दोघांचीही शतकं झाली, तरी कसोटीत जागा मिळाली नाही. ती मिळाली 1949 ला ब्रेबर्नवर, वयाच्या 37 व्या वर्षी. दुसऱ्या डावात चार बळी घेऊन वेस्ट इंडिजला 267 वर रोखण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे ते एकही कसोटी खेळले नाहीत.