ओटीचा दर

ओटीवर आलेल्या पांथस्थास आधीं गूळ-पाणी, विचारपूस मागाहून, हा मालगुंडास आमच्या घरचा शिरस्ता. गणपतीपुळ्यास येणारी मंडळी वाढली, तशी आमच्या चिरंजीवांनींहि खोल्या भाड्यानें देण्याची तयारी केली. दरपत्रकांत त्यांनीं लिहिलें, 'कोंकणी आतिथ्याचा अनुभव : गूळ-पाण्यासह.' आम्हांस तें रुचलें नाहीं.

परंतु जगाची रीत तीच आहे. सिअ‍ॅटल येथें १९७१ सालीं निघालेलें 'स्टारबक्स' प्रथम कॉफीचे भाजलेले दाणे विकीत असे. हॉवर्ड शुल्ट्झ यांनीं १९८३ सालीं मिलान येथील कॉफीगृहें पाहिलीं. लोक पेयाइतकेच सहवासासाठीं येतात, हें त्यांनीं हेरलें. १९८७ सालीं कंपनी त्यांच्या हातीं आली, आणि पुढें निवांत खुर्ची, पेल्यावर लिहिलेलें गिऱ्हाइकाचें नांव, हींहि विक्रीचीं अंगें बनलीं. टाटांच्या भागीदारींत २०१२ सालीं मुंबईस हॉर्निमन सर्कलपाशीं त्यांचें पहिलें भारतीय दुकान उघडलें. तेथील कॉफी भारतांतच पिकलेली. परदेशांतून आली ती बैठक!

'अनु' म्हणजे मागून, 'भू' म्हणजे होणें. कांहीं खरें घडावें, मग त्यामागून अनुभव यावा. आम्हीं चिरंजीवांस म्हटलें, "खोलीचें भाडें घे, जेवणाचें मोल घे, त्यांत कमीपणा नाहीं. पण गूळ-पाण्यास दर लागला, कीं पाहुणा गिऱ्हाईक झाला आणि तूं दुकानदार."

ते कांहीं बोलले नाहींत. दरपत्रकांतील ती ओळ मात्र दुसऱ्या दिवशीं खोडलेली दिसली.