जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरचे नूतनीकरण

मोटारीमागे जोडून ओढून नेता येणाऱ्या, आत राहण्याची सोय असलेल्या जुन्या वाहनाची दुरुस्ती करून ते पुन्हा प्रवासयोग्य करण्याच्या कामास ट्रॅव्हल ट्रेलरचे नूतनीकरण म्हणतात. अमेरिकेत या वाहनास 'ट्रॅव्हल ट्रेलर' व ब्रिटनमध्ये 'कॅरॅव्हॅन' असे नाव आहे. हौशी मंडळी बहुधा रंग आणि पडद्यांपासून आरंभ करतात. वस्तुतः ती शेवटची कामे होत.

बांधणीचे प्रकार

अमेरिकेतील जुन्या ट्रेलरांत दोन प्रकारची बांधणी प्रामुख्याने आढळते. पहिल्या प्रकारात विमानाप्रमाणे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनी जोडून कवच तयार केलेले असते. हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये 'रोड चीफ' हा असा ट्रेलर बनविला. चार्ल्स लिंडबर्ग यांच्या 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस' या विमानाच्या बांधणीवर त्यांनी देखरेख केली होती, हे लक्षात घेता ट्रेलरच्या रूपाचे नवल वाटत नाही. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीचा 'क्लिपर' १९३६ मध्ये आला. दुसऱ्या प्रकारात लाकडी चौकटीवर पातळ पत्रा ठोकलेला असतो. हॅमच्या डब्यासारख्या आकारामुळे अशा ट्रेलरांना 'कॅन्ड हॅम' म्हणतात. शास्टा कंपनीचे जुने ट्रेलर या वर्गात मोडतात.

प्रारंभिक तपासणी

ट्रेलरचा मुख्य शत्रू पाणी आहे. छताचे सांधे, खिडक्यांच्या कडा आणि दिव्यांची भोके यांतून ते झिरपते. लाकडी चौकटीच्या ट्रेलरमध्ये बाहेरचा पत्रा लखलखीत असूनही आतील लाकूड पार कुजलेले असू शकते. त्यामुळे टोचा घेऊन जमिनीचे प्लायवूड कडेकडेने, विशेषतः कोपरे, दार आणि कपाटांच्या तळाशी, टोचून पाहतात. टोचा सहज आत गेला तर तेथील लाकूड बदलावे लागते. जुन्या एअरस्ट्रीममध्ये मागील बाजूची जमीन कुजून कवच सांगाड्यापासून सुटण्याचा दोष प्रसिद्ध आहे. मागच्या बंपरवर उभे राहून हलके हिसके दिले असता बंपर हलतो आणि कवच जागेवरच राहते, यावरून तो ओळखता येतो.

त्यानंतर लोखंडी सांगाड्याचा गंज, आस, बेअरिंग व ब्रेक पाहतात. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी वयाने रबर निकामी होते. २००० सालापासूनच्या अमेरिकी टायरवर संकेतांकाचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष दर्शवितात. ज्या टायरवर केवळ तीनच अंक आहेत, तो त्याआधीचा असल्याने तत्काळ काढून टाकावा.

प्रोपेन गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. दाबचाचणी होईपर्यंत जुनी शेगडी किंवा फ्रीज पेटवून पाहण्याचा मोह टाळणे हे या कामातील सर्वांत महत्त्वाचे पथ्य आहे. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर १९७८ मध्ये बंदी आली. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासू नये.

उकलणे

प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र घेतात व त्यावर क्रमांक टाकतात. कुजलेली फळी किंवा फाटलेला पत्राही फेकत नाहीत, कारण नवा भाग कापण्यासाठी तोच साचा ठरतो. लाकडी चौकटीचा सर्व पत्रा एकदम उतरविल्यास ती डगमगते व आकार बिघडतो. म्हणून एका बाजूची दुरुस्ती संपवून मगच दुसरी उघडणे श्रेयस्कर. पूर्वीच्या मालकांनी सांध्यांवर थापलेले सिलिकॉन मात्र पूर्ण खरवडावे लागते. त्यावर नवे लुकण धरत नाही. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यास पर्याय नाही.

वजनाची मांडणी

आतील रचना बदलण्यापूर्वी वजनाचा विचार आवश्यक असतो. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार पुढील जोडावर यावा, असा संकेत आहे. जड कपाटे अथवा पाण्याची टाकी आसाच्या मागे नेल्यास हा भार घटतो, आणि वेगात असताना ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हेलकावे घेऊन पुढच्या मोटारीलाही रस्त्याबाहेर खेचू शकतो.