चमकतोय, पण शत्रू की मित्र? लोहाच्या भुकेवरून पिकाचा जंतू कसा ओळखतात

पानावर डाग दिसला की आपण फोटो काढून ॲपवर टाकतो. पण ॲपला डाग दिसतो, जंतू नाही. जंतू ओळखायचा एक भारी मार्ग म्हणजे तो लोह कसं मिळवतो ते बघणं.

मातीत लोह भरपूर असतं, पण बहुतेक गंजासारख्या रूपात. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून बॅक्टेरिया एक रेणू बनवून बाहेर सोडतात. तो लोहाला घट्ट पकडतो आणि जंतू त्याला लोहासकट आत घेतो. या रेणूला म्हणतात सायडेरोफोर. गंमत म्हणजे जंतूचं दार सहसा ठरावीक सायडेरोफोरलाच उघडतं. आयफोन १४ ची लायटनिंग केबल टाइप-सी फोनला बसते का? नाही ना! केबल बघून फोनचा अंदाज येतो, तसंच हे.

स्यूडोमोनास गटातल्या बऱ्याच जंतूंचा सायडेरोफोर म्हणजे पायोव्हर्डिन. तो पिवळसर हिरवा असतो आणि यूव्ही दिव्याखाली चक्क चमकतो. लॅबमध्ये यासाठी १९५४ पासून ‘किंग्ज बी’ नावाचं माध्यम वापरतात. त्यात लोह कमी असतं. जंतूला लोहासाठी उपाशी ठेवलं की तो पायोव्हर्डिन बनवतो. त्यातच जास्तीचं लोह घाला, चमक गायब!

पण नुसत्या चमकेवर गेलात तर फसाल. टोमॅटोवर ठिपके आणणारा स्यूडोमोनास सिरिंगी चमकतो, आणि कृषी सेवा केंद्रात जैविक बुरशीनाशक म्हणून मिळणारा स्यूडोमोनास फ्लुरोसन्सही चमकतो. शेतकऱ्याने नुकतीच ती पावडर फवारली असेल, तर त्या पानाच्या नमुन्यात चमक दिसली म्हणून रोगच आहे असं कसं म्हणणार?

पायोव्हर्डिनचा चमकणारा भाग सगळ्यांचा सारखाच. फरक असतो त्याला जोडलेल्या अमिनो आम्लांच्या साखळीत. बेल्जियमच्या संशोधकांनी २००३ मध्ये सिरिंगीचे ४१ उपप्रकार एचपीएलसी यंत्राने तपासले. चमकणाऱ्या सगळ्यांचं पायोव्हर्डिन हुबेहूब एकच निघालं, आणि ते फ्लुरोसन्सच्या नेहमीच्या पायोव्हर्डिनपेक्षा वेगळं! मात्र १० उपप्रकारांत न चमकणारे जंतूही सापडले. म्हणजे चमक नाही म्हणून क्लीन चिट द्यायची नाही.

आणि डाळिंबावरच्या तेल्यासाठी हा उपाय विसरा. तो आणणारा झँथोमोनास पायोव्हर्डिन बनवतच नाही. तिथे पीसीआर करून थेट डीएनएच बघावा लागतो.